रॅकमधलं पन्नासावं घर

३ नोव्हेंबर, सोमवार

एकसष्टाव्या वर्षी मला पुन्हा नोकरी लागली. सलील लॅबच्या जिन्यापर्यंत सोडायला आला आणि डबा घेतलास का, रुमाल घेतलास का, पाण्याची बाटली घेतलीस का, असं सगळं विचारून मगच बँकेत गेला. शाळेच्या पहिल्या दिवशी मी त्याला हेच विचारलं होतं. त्याच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

यजमान, अविनाश, गेल्यावर नागपूरच्या घरात दोन वर्षं एकटीनं काढली. सलीलची बदली कोलकात्याला झाली तेव्हा तो म्हणाला, आता पुरे, तू आमच्याकडे ये. आले. पण बेहालाच्या फ्लॅटमध्ये दुपारी बाराला सगळी कामं संपतात. सून विनीता सकाळी सातलाच सॉल्ट लेकला ऑफिसला निघते आणि नातू अर्णव शाळेत. म्हणून गल्लीतल्या लॅबची पाटी वाचून मीच वर चढले. चौतीस वर्षं इस्पितळात लघवी तपासली आहे, असं सांगितल्यावर डॉ. कौस्तुभ घोषाल यांनी परीक्षा म्हणून मायक्रोस्कोपखाली एक काच लावून दिली. मी बघितली, सांगितलं. ते म्हणाले, आमचं यंत्र मोजतं छान, पण ओळखत नाही, तुम्ही या.

लॅब मिठाईच्या दुकानाच्या वर आहे. सकाळी खालून नव्या गुळाचा वास येतो आणि वर आमचा वास. काउंटरवर मृणालदी बसतात, माझ्याच वयाच्या. नमुने घेणं, चिठ्ठी चिकटवणं, नळ्या रॅकमध्ये लावणं त्यांच्याकडे. लोक कशाकशातून घेऊन येतात: होमिओपॅथीच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या. एकानं तर नव्या गुळाच्या मडक्यातून आणलं, असं त्यांनी सांगितलं आणि विचारलं की तुमच्या महाराष्ट्रातले लोक चांदीच्या पेल्यातून आणतात का. मला फार दिवसांनी मोठ्यानं हसू आलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

हात विसरले नाहीत. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवायची, वरचं पाणी ओतून टाकायचं, तळच्या गाळाचा एक थेंब काचेवर, वर पातळ काच. मग प्रकाश कमी करायचा. नवखी मुलं इथेच चुकतात, भरपूर उजेड लावतात आणि काही नाही म्हणतात. लघवीतल्या गोष्टी काचेसारख्या असतात, उजेडात विरघळून जातात. जरा अंधार केला की एकेक दिसू लागतात.

हे मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी शिकवलं. कांद्याच्या पापुद्र्यावर. त्यांचं एक वाक्य होतं: आधी बघा, मग नाव द्या. आम्ही मुली उलटं करायचो, पुस्तकातलं चित्र आठवून तेच वहीत काढायचो. सिस्टर न रागावता पान फाडायच्या.

अर्णव साडेतीनला येतो. सात वर्षांचा आहे, मराठी बोलताना मध्येच बंगाली घुसवतो आणि मी दुरुस्त केलं की मलाच बंगाली शिकवतो. त्याचे मोजे मी काढते. आज पायावर इलॅस्टिकचा खोल वळ उमटला होता. मोजे घट्ट होत असणार, पोरं केवढी भराभर वाढतात. उद्या चौरस्त्यावरून सैल घेऊन येईन. सकाळी उठतो तेव्हा पापण्या इतक्या फुगलेल्या असतात की डोळे दिसतच नाहीत. माझी लेक यामिनी अशीच उठायची. मी त्या पापण्यांचा पापा घेते आणि तो आजी, नो, म्हणून पळतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

रॅकला पन्नास घरं आहेत. रोज पस्तीस-चाळीस भरतात. आज एकोणचाळीस नमुने होते, ते संपवले, आणि बघते तर अगदी शेवटच्या, पन्नासाव्या घरात एक नळी. चिठ्ठी नाही. नाव नाही, नंबर नाही. मृणालदींना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी नाही ठेवली, तुमच्यामागून चालत आली असेल. बिननावाचा नमुना तपासायचा नाही, फेकायचा, हा सगळीकडचाच नियम. मी सिंकमध्ये ओतला.

एक गोष्ट लिहून ठेवते. नळी कोमट होती. म्हणजे नुकताच दिलेला नमुना. दुपारचा एक वाजला होता आणि अकरानंतर कोणी आलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल पुन्हा होती. आज मी साडेसहाला गेले, मृणालदींच्या आधी, किल्ली माझ्याकडेच आहे. रिकाम्या रॅकमध्ये शेवटच्या घरात एकच नळी. उचलली तर कोमट, तळहातात लहान मुलाचं बोट धरावं तशी. नियम मला माहीत आहे. तरी बघितली.

तांबड्या पेशी. पुष्कळ नव्हत्या, पण ज्या होत्या त्या धड नव्हत्या. गोल थाळीसारखी असायला हवी ती पेशी चेंगरलेली, कडेला फुगे आलेले. अशी पेशी मूत्राशयातून येत नाही. ती मूत्रपिंडाच्या जाळीतून, फटीतून अंग चोरून बाहेर पडलेली असते. कोणाचं तरी मूत्रपिंड आजारी आहे आणि त्या माणसाला अजून माहीत नाही. या टप्प्यावर कळलं तर औषधानं बरं होतं.

बाटलीच्या झाकणानं इथे वर्तुळ काढलं आणि आत जे दिसलं ते काढलं. नाव देता येत नाही, पण बघितलं तरी.

घरी विनीता म्हणाली की अर्णव हल्ली लवकर दमतो, मैदानातून अर्ध्यात येऊन बसतो. मी म्हटलं, गेल्या महिन्यात घसा धरला होता ना, ताप होता, अशक्तपणा राहतो. शिरा करून घातला. दोन घास खाल्ले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रोज असते. रोज कोमट. रोज कालच्यापेक्षा जास्त पेशी. एकाच माणसाची आहे, याबद्दल मला शंका नाही. आपल्या माणसाची चाल जिन्यावर ओळखू येते तसं हे येतं.

आज न राहवून डॉक्टरांना बोलावलं. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी दोन मिनिटं बघितलं, काच सरकवली, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, यात काहीच नाही, हे नुसतं डिस्टिल्ड वॉटर आहे. त्यांनी चेष्टा केली नाही. फार हळू आवाजात विचारलं की झोप लागते का, घरी सगळं बरं आहे ना. ते गेल्यावर मी पुन्हा डोळा लावला.

सगळं तिथेच होतं.

मृणालदींनी मला चहा आणून दिला आणि बिस्किट बुडवून खा म्हणाल्या. त्यांना कळलं असावं. पण त्या म्हणाल्या एवढंच की पूर्वी परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या आईला त्यांचा मेलेला भाऊ पेन्सिलींना टोक काढताना ऐकू यायचा, आणि घरातलं कोणी तिला वेडी म्हणालं नाही, कारण पेन्सिलींना खरंच टोक काढलेलं असायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. अविनाशनाही नाही. लिहून काढते.

दोन हजार तीन साली यामिनीला पुण्याला प्रवेश मिळाला. हॉस्टेलच्या फॉर्मवर लघवीचा रिपोर्ट हवा होता. सकाळी निघताना तिनं जॅमच्या धुतलेल्या बाटलीत नमुना दिला, वर लाजून वर्तमानपत्र गुंडाळलं. त्या दिवशी टेबलावर ऐंशी नळ्या होत्या. बारा वाजले तेव्हा वर्तमानपत्रातली बाटली दिसली. तिच्यावर चिठ्ठीसुद्धा नव्हती, घरचीच तर होती. सतरा वर्षांची पोर, सायकल हाणते, बाराही महिने हसते. घरच्या पोरीचं काय बघायचं.

मी लिहिलं: पस सेल दोन-तीन, बाकी काही नाही. हात ते रोज लिहायचाच. बाटली सिंकमध्ये ओतली, धुऊन पर्समध्ये ठेवली, कारण जॅमच्या बाटल्या कामाला येतात. संध्याकाळी ती म्हणाली, एवढ्यात झालं? मी म्हटलं, तुझी आई आहे तिथे.

आठ महिन्यांनी ती घरी आली. पाय चपलांत शिरत नव्हते. घोट्यावर मोज्याचा वळ तासभर राहायचा, बोट दाबलं की खळगा पडायचा. मग मी तिची लघवी बघितली. मग रोज बघितली. सोळा महिने डायलिसिस. एकोणीस पूर्ण व्हायला पाच दिवस होते.

सगळे म्हणायचे, घरात तपासणारी आई असून कळलं नाही, म्हणजे आजारच तसा अचानक आला असणार. सलील पंधरा वर्षांचा होता. तोही अजून हेच मानतो.

आता मला कळलं आहे पन्नासाव्या घरात कोण येतं. मी ओतून दिलेलं परत आलं आहे. बिनचिठ्ठीचं, कोमट. मला भीती वाटायला हवी. वाटतेही, पहाटे जिना चढताना. पण नळी हातात घेतली की ती ऊब माझ्या पोरीची असते. वीस वर्षांत इतकी जवळ ती आली नव्हती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कास्ट दिसले. मूत्रपिंडात केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांत जे साचतं त्याला नळीचा आकार येतो आणि ते तसंच वाहून येतं, साच्यातून मोदक निघावा तसं. आजचे लाल होते, पेशींनी ठासून भरलेले. म्हणजे आत रक्त झिरपतं आहे.

यामिनीच्या नमुन्यात हे फेब्रुवारीत दिसले होते. तिथे महिने लागले ते इथे दिवसांत होतंय. का एवढी घाई, बाळ.

इतर काम उरकते कसंबसं. आज दोन रिपोर्ट मृणालदींनी परत आणले, नावं उलटसुलट झाली होती. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही.

विनीतानं अर्णवच्या शाळेचा फॉर्म दिला. पोहण्यासाठी मेडिकल हवं, लघवीचा रिपोर्ट हवा. म्हणाली, आई, तुमच्याच लॅबमध्ये करून टाका ना, गुरुवारी नमुना देते. हो म्हटलं.

नवे मोजेही त्याला घट्टच होतात. इथलं इलॅस्टिक चांगलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मेणासारखा कास्ट. रुंद, कडा तुटलेल्या, पिवळसर. एकच. पण तो दिसला की आजार मागे फिरत नसतो. मी दोन तास उठले नाही. डोळा लावून बसले. वाटत होतं, बघत राहिले तर तेवढ्यापुरतं तरी थांबेल. त्या वेळी बघितलं नाही ते आता — कितीही वेळ —

मृणालदी दोनदा बोलवून गेल्या म्हणे. मला ऐकू आलं नाही.

अर्णवचा फॉर्म दिला. डॉक्टरांचा शिक्का झाला, विनीतानं शाळेच्या दप्तरात ठेवलासुद्धा. नॉर्मल.

बघितली ना मी त्याची. बघितली असणार. फॉर्मवर अक्षर माझंच आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नळी अर्धीच भरली होती. रंग चहाचा.

कमी होऊ लागली की काय होतं ते मला माहीत आहे. आधी अर्धी, मग पाव, मग —

तिला म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या खोलीत, यामिनी, मला काय करायला सांगतेस. मी तर बघते आहे. रोज बघते आहे.

अर्णव शाळेत गेला नाही. डोकं दुखतं म्हणाला. झोपून आहे. विनीताला वाटतं, कंटाळा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तळाशी दोन थेंब. पहिल्यांदाच गार.

काचेवर घेतलं. मेण. सगळीकडे मेण. विझलेल्या मेणबत्त्या रांगेनं पडल्यासारख्या. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये शुक्रवारी —

हे तिचं नाही. मेणात तांबड्या पेशीही आहेत; शेवटच्या दिवसांत तिच्या नमुन्यात त्या अशा नव्हत्या. जुनी चित्रं मला पाठ आहेत. वेगळं आहे. दुसऱ्या कोणाचं तरी —

कोणाचं

२३ नोव्हेंबर, रविवार

लॅबमध्ये आहे. सकाळचे साडेनऊ. लॅब बंद, एकटीच. सेंट्रिफ्यूज लावलं आहे. पाच मिनिटं. तेवढ्यात लिहिते, हात थांबला तर मी ओरडेन.

सकाळी अर्णव उठून माझ्या मांडीवर येऊन बसला. अनवाणी. शुक्रवारपासून मोजे घातलेच नाहीत त्यानं, तरी पाय तसेच. घट्ट. चकाकणारे. मी नडगीवर बोट दाबलं. उचललं.

खळगा तसाच राहिला. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, आजी, होल.

कालपासून शू झाली नाही म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

सलीलला म्हटलं, आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने, रिपोर्टची वाट बघू नकोस, मूत्रपिंड आहे. तो म्हणाला, गुरुवारी तर तूच नॉर्मल लिहिलंस. मग सांगितलं. दोन्ही सांगितलं. गुरुवारचं. आणि दोन हजार तीनचं. जॅमची बाटली. सगळं, उभ्या उभ्या, विनीता कपडे भरत होती तेव्हा.

तो पंधरा वर्षांचा दिसत होता. मग एवढंच म्हणाला, तू येऊ नकोस. अर्णवनं टॅक्सीतून हात हलवला. पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे —

मी त्यांचे पापे घ्यायचे. रोज सकाळी.

म्हणून इथे आले. दुसरीकडे कुठे जाऊ.

पन्नासावं घर आज रिकामं आहे. पहिल्यांदाच. काम झालं म्हणून रिकामं, की द्यायला काही उरलं नाही म्हणून — ते मला —

फ्रिज उघडला. मागच्या कप्प्यात गुरुवारची बाटली. झाकण उघडलेलंच नव्हतं. अर्णवची. वर चिठ्ठी नाही. मीच लावली नव्हती, घरचीच तर होती.

तीन दिवस फ्रिजमध्ये. हातात घेतली. कोमट.

मला वाटत होतं ती माझ्याकडे येते. आईला भेटायला. मी ऊब धरून बसले. ती भाच्यासाठी येत होती. ज्याला तिनं कधी मांडीवर घेतलं नाही त्याच्यासाठी रोज पहाटे हा जिना — आणि मी तिचंच नाव देत राहिले. आधी नाव, मग बघणं. सिस्टरनी पान फाडलं असतं.

पंधरा दिवस होते. अकरा तारखेला कळलं असतं तर औषधानं

मशीन थांबलं. त्याच बाटलीतली नळी बाहेर काढली.

चिठ्ठी लिहिली आहे. अर्णव सलील देशकर, वय सात. चिकटवली. काचेवर थेंब घेतला. वर पातळ काच. प्रकाश कमी केला.

इथे वर्तुळ काढून ठेवते. आत अजून काही नाही.

फोन वाजतोय. सलील. आधी फोन, की आधी बघ—